कार्तिकातली आळंदी: कधी जावं, कसं जावं

कोजागरी झाली की पुणे जिल्ह्यातल्या गावोगावच्या देवळांत पहाटेचा काकडा सुरू होतो आणि तो त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर चालतो. पाऊस थांबलेला असतो, मावळातलं भात पिवळं पडून कापणीला आलेलं असतं, मुलांना दिवाळीची सुट्टी लागायची असते. दोन दिवस कुठं जाऊन यावं, हा विषय याच सुमारास घरोघरी निघतो आणि लोणावळा, महाबळेश्वर, अलिबाग ही नावं आधी पुढे येतात. माझं सांगणं असं, की एखादा कार्तिक आळंदीसाठी राखून ठेवा. पालखीच्या प्रस्थानामुळे आळंदी सगळ्यांना माहीत आहे, पण तो सोहळा आळंदीहून निघण्याचा. आळंदीची स्वतःची मोठी यात्रा कार्तिकात असते. आषाढात ज्ञानेश्वर माउली पंढरीला जातात, तर कार्तिकात पंढरपूरहून पांडुरंगाच्या पादुका पालखीतून आळंदीला येतात. संत नामदेव आणि भक्त पुंडलिक यांच्या पालख्याही सोबत असतात.

या येण्यामागचं कारण म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांची समाधी. शके १२१८, म्हणजे इसवी सन १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी. वय अवघं एकवीस. त्या प्रसंगाला नामदेव हजर होते, त्यांनी तो अभंगांतून सांगितला, असं वारकरी परंपरा मानते. आजही त्रयोदशीला देवळात समाधीचं कीर्तन करण्याचा मान नामदेवांच्या वंशातल्या नामदास महाराजांकडे आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची घटना, ज्यांनी पाहिली त्यांच्याच घराण्याच्या तोंडून, त्याच जागी बसून ऐकायला मिळावी, असं भाग्य फार थोड्या गावांच्या वाट्याला आलं आहे.

आता तिथीबद्दल, कारण पहिला घोटाळा इथंच होतो. पंढरपूरची कार्तिकी एकादशी शुद्ध पक्षातली, म्हणजे प्रबोधिनी. आळंदीची एकादशी त्यानंतर साधारण पंधरवड्याने येते, वद्य पक्षातली, तिला उत्पत्ती एकादशी म्हणतात. मोबाइलवरच्या पंचांगांपैकी काही उत्तरेकडच्या पौर्णिमान्त पद्धतीची असतात. त्यांत हीच एकादशी मार्गशीर्ष कृष्ण म्हणून दाखवलेली असते. म्हणून घरातली दिनदर्शिका काढा, दिवाळीनंतरची दुसरी एकादशी शोधा आणि मगच तिकीट काढा. इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. २०२४ मध्ये ही एकादशी २६ नोव्हेंबरला होती, २०२५ मध्ये १५ नोव्हेंबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती थेट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाते. कार्यालयात रजा टाकताना 'गेल्या वर्षी याच सुमाराला होती' हा हिशेब चालत नाही.

यात्रा काही एका दिवसाची नसते. कार्तिक वद्य अष्टमीला महाद्वारातल्या हैबतबाबांच्या पायरीचं पूजन होतं आणि सोहळ्याला सुरुवात होते. हैबतबाबा साताऱ्याकडच्या आरफळचे. आज आपण पाहतो तो माउलींच्या पालखी सोहळ्याचा थाट एकोणिसाव्या शतकात त्यांनी घालून दिला, आणि म्हणून पहिला मान त्यांच्या पायरीला. एकादशीला गर्दी शिगेला पोचते. त्या मध्यरात्रीनंतर समाधीवर पवमान अभिषेक आणि दुधारती होते. द्वादशीला रथोत्सव निघतो. त्रयोदशीला दुपारी बाराच्या सुमारास समाधीचा मुख्य सोहळा असतो आणि अमावास्येला रात्री छबिना निघून यात्रेची सांगता होते.

बहुतेक लोक एकादशी गाठायचा हट्ट धरतात. ज्यांचा नेम आहे त्यांनी तो पाळावाच. पण पहिल्यांदा येणाऱ्याला मी एकादशी सुचवणार नाही. त्या दिवशी दर्शनबारी मंदिरापासून निघून नदीपलीकडे जाते, तासन्‌तास उभं राहावं लागतं, आणि गावाच्या गल्ल्यांत पाऊल उचलायचं की गर्दीने उचलून न्यायचं, एवढाच प्रश्न उरतो. मला विचाराल तर अष्टमी-नवमीला या. पायी दिंड्या गावात शिरत असतात, राहुट्या ठोकल्या जात असतात, चुली पेटत असतात. कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली माणसं एकमेकांच्या पाया पडून 'माउली' म्हणत वाट काढतात. मठांत, धर्मशाळांत, झाडाखाली कुठं ना कुठं कीर्तन चालू असतं. त्यासाठी रांग नाही, पास नाही. जिथं आवाज आवडला तिथं बसायचं.

दुसरा पर्याय त्रयोदशीचा. एकादशीचे पुष्कळ लोक द्वादशीचं पारणं करून परतलेले असतात. जे थांबतात ते कीर्तनासाठीच थांबलेले असतात. मंदिरात शिरायला मिळालं नाही तरी बाहेर ध्वनिक्षेपकावर कीर्तन ऐकू येतं. नामदेवांनी निरोप घेतल्याचा प्रसंग आला की जाणती, पिकल्या केसांची माणसं उपरण्याने डोळे टिपताना दिसतात. बाराच्या ठोक्याला घंटानाद होतो, समाधीवर फुलं वाहिली जातात आणि गाव 'ज्ञानोबा-तुकाराम'च्या गजराने भरून जातं. तेव्हा मोबाइल खिशात राहू द्या. चित्रफिती वर्षभर पाहायला मिळतात. तो अर्धा तास डोळे आणि कान दोन्ही त्या जागी असावेत.

घरात म्हातारं माणूस असेल, गुडघे दुखत असतील किंवा कडेवर लेकरू असेल, तर यात्रा सोडाच आणि त्याआधीचे पंधरा-वीस दिवस धरा. दिवाळी ते त्रिपुरी पौर्णिमा हा काळ त्यासाठी उत्तम. पहाटे काकड्याला पोचलात तर दर्शन निवांत होतं. अजानवृक्ष, सुवर्णपिंपळ, सिद्धेश्वराचं जुनं देऊळ हे सगळं सावकाश पाहता येतं. गुरुवार, रविवार आणि एकादशी मात्र टाळा, त्या दिवशी एरवीही गर्दी असते. त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळी घाटावर पणत्या लागतात. मुलांना घेऊन यायला ती संध्याकाळ फार चांगली.

मुक्कामाचं आधी ठरवा, आणि इथं आळंदीची एक खास अडचण आहे. आळंदी हे लग्नांचं गाव आहे. कमी खर्चात, मोजक्या माणसांत, माउलींच्या साक्षीने लग्न लावायला जिल्ह्याजिल्ह्यांतून लोक इथं येतात. त्यासाठी गावात मंगल कार्यालयांची रांगच आहे. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त खुले होतात, म्हणजे लग्नसराई आणि यात्रा नेमकी एकाच पंधरवड्यात येतात. चातुर्मासात सहज मिळणारी खोली तेव्हा दुप्पट दर देऊनही मिळत नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानची इथं शाखा आणि भक्तनिवास आहे, तिथली स्वच्छता वाखाणण्यासारखी आहे. पण यात्रेच्या दिवसांत तिथं जागा मिळेल असं गृहीत धरून निघू नका. फडांच्या, समाजांच्या, गावांच्या नावाने असलेल्या धर्मशाळा पुष्कळ आहेत. तुमच्या गावची किंवा तालुक्याची दिंडी दरवर्षी कुठं उतरते, ते गावातल्या माळकऱ्याला विचारा. ही चौकशी कुठल्याही संकेतस्थळापेक्षा कामाची ठरते. धर्मशाळेत उतरलात तर अंथरूण-पांघरूण आपलं न्या, पंगतीला वाढायला उभे राहा आणि निघताना पेटीत यथाशक्ती रक्कम टाका. यातलं काहीच जमणार नसेल तर पिंपरी, भोसरी किंवा पुण्यात मुक्काम करून पहाटे आळंदी गाठणं शहाणपणाचं.

येण्याच्या वाटा चार-पाच आहेत. पुण्याकडून विश्रांतवाडी-दिघीमार्गे, पिंपरी-भोसरीकडून मोशी-डुडुळगावमार्गे, नाशिककडून येताना चाकणवरून, नगरकडून मरकळमार्गे आणि देहूकडून देहू-आळंदी रस्त्याने. यात्रेच्या दिवसांत खासगी गाड्या गावात सोडत नाहीत, बाहेरच्या वाहनतळावर लावून चालत यावं लागतं. पोलिस वाहतुकीतले बदल आदल्या दिवसांत जाहीर करतात, ते वर्तमानपत्रात पाहून निघा. गाडी न आणणं सगळ्यांत बरं. रेल्वेने येणाऱ्यांनी पुणे स्थानकावर किंवा लोणावळा लोकलने पिंपरीला उतरावं आणि पुढे पीएमपीची बस धरावी. यात्रेत पीएमपी आणि एसटी दोन्हीकडून जादा गाड्या सुटतात. स्वारगेटहून मेट्रोने पिंपरीपर्यंत येता येतं, हीही आता मोठी सोय झाली आहे.

बाहेरगावच्या माणसाला न दिसणारी एक गोष्ट इथं सांगायला हवी. आळंदीभोवतीचा पट्टा कारखान्यांचा आहे. एका बाजूला भोसरी, दुसऱ्या बाजूला चाकण, म्हाळुंगे, निघोजे. सकाळी सातच्या आगेमागे आणि दुपारी तीन-साडेतीनला पाळ्या बदलतात, तेव्हा कंपन्यांच्या बसगाड्या, दुचाक्या आणि कंटेनर एकाच वेळी रस्त्यावर उतरतात. मोशी, चाकणचा तळेगाव चौक आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता या वेळांत तुंबतो. नाशिकहून येत असाल तर चाकण सकाळी सहाच्या आत ओलांडा, नाहीतर सरळ अकरानंतर. परतीसाठी दुपारी एक ते अडीच ही वेळ बरी.

सामान थोडं आणि नेमकं असावं. कार्तिकातला दिवस तापतो आणि रात्र गारठते, वद्य पक्षात पहाटे पारा पंधरा अंशांच्या खाली जातो. दुपारी टोपी किंवा उपरणं लागतं आणि पहाटे स्वेटर, दोन्ही घ्या. चपला काढून ठेवायच्या असतात, म्हणून महागाचे बूट नकोत. सोन्याचे दागिने घरी ठेवा. गर्दीत मोबाइल लागत नाही, तेव्हा चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते आधीच ठरवा, आणि ती जागा महाद्वार नको, कारण तिथं सगळेच थांबतात. म्हाताऱ्या माणसाच्या आणि मुलाच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेला कागद घाला. रोजची औषधं दोन दिवस जादा बरोबर ठेवा. मधुमेहाच्या रुग्णांनी एकादशीच्या उपवासाबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावं. साबुदाणा, बटाटा, रताळं आणि रांगेतले तास, हे सगळं एकत्र आलं की साखर वरखाली होते. उपवास नसणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं, की एकादशीला गावात मिळतं ते बहुतेक फराळाचंच. भगर, आमटी, खिचडी, केळी. भाकरी-पिठलं खायचं तर द्वादशीला, पंगतीत.

मंदिरात आणि दिंडीत वागण्याच्या रीती कुणी पाटीवर लिहून ठेवत नाही. दिंडी चालत असताना ती मधून तोडून पलीकडे जाऊ नये. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंगी, मध्ये विणेकरी, मागे तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया, असा तिचा क्रम असतो. ज्याच्या गळ्यात वीणा त्याला धक्का लागता कामा नये. वीणा खाली ठेवत नाहीत, पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. चोपदाराने हात वर केला की बोलणं थांबवावं. कुणी अनोळखी म्हातारा तुमच्या पाया पडायला वाकला तर मागे सरू नका, तुम्हीही वाका. इथं वय आणि हुद्दा पाहून नमस्कार होत नाही. समाधीपर्यंत पोचणं अशक्य झालं, तर कळसाचं दर्शन घेऊन परतण्याची वारकऱ्यांची जुनी रीत आहे. ते दर्शन अपुरं आहे असं कुणी मानत नाही.

इंद्रायणीबद्दल मन घट्ट करून लिहावं लागतं. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावलेली ही नदी देहूवरून आळंदीला येते आणि पुढे तुळापूरला भीमेला मिळते. वाटेत तिच्यात शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं रसायनमिश्रित पाणी मिसळतं. घाटाजवळ नदीवर पांढरा फेस तरंगताना गेल्या काही वर्षांत वारंवार दिसला आहे. श्रद्धेने तीर्थ म्हणून हे पाणी प्यायलं जातं, लहान मुलांच्या तोंडातही घातलं जातं. तसं करू नका. पाणी डोळ्यांना लावायचं असेल तर लावा, पण पिऊ नका, त्वचेचा त्रास किंवा अंगावर जखम असेल तर बुडी मारू नका, आणि प्यायचं पाणी नळाचं किंवा घरून आणलेलं असू द्या. बुडी न मारल्याने वारी उणी होत नाही, हे घरातल्या थोरांना कुणीतरी समजावून सांगितलं पाहिजे. आणि आपणही पाण्यात काही सोडू नये. निर्माल्य, प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलचे द्रोण, जुने कपडे, काहीच नाही. घाटावर निर्माल्यासाठी कुंडं असतात, ती वापरा.

दर्शन झाल्यावर एक दिवस हाताशी असेल तर आसपास पाहण्यासारखं पुष्कळ आहे. सिद्धबेटावर आधी जा. ज्ञानेश्वरांचे आईवडील विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई चार लेकरांसह जिथं राहिले असं सांगतात, ती ही जागा. गावाने दूर लोटलेल्या मुलांनी आपलं बालपण इथं काढलं, हे मनात ठेवून तिथं थोडा वेळ बसावं. ज्ञानेश्वरांनी चांगदेवांना भेटायला चालवली असं मानतात ती भिंत गावातच आहे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ साली स्थापन केलेली वारकरी शिक्षण संस्थाही आळंदीतच. महाराष्ट्रातल्या कितीतरी कीर्तनकारांनी मृदंगाचा पहिला बोल आणि ज्ञानेश्वरीची पहिली संथा तिथं घेतली आहे. बाहेरून जाताना मुलांच्या आवाजातला पाठ कानावर पडला तर क्षणभर थांबा.

देहू साधारण वीस किलोमीटरवर. तिथून तुकोबांचा भंडारा डोंगर जवळ, माथ्यापर्यंत गाडी जाते. तुकोबांच्या चिंतनाची दुसरी जागा म्हणजे भामचंद्र डोंगर. तो चाकण औद्योगिक वसाहतीच्या पाठीशी उभा आहे. तिथं मात्र चढावं लागतं, चांगले बूट आणि पाणी घेऊन सकाळीच निघावं. वरून एकीकडे गुहेतली शांतता आणि दुसरीकडे कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसतात. या भागाचं आजचं खरं रूप पाहायचं असेल तर ते इथूनच.

चाकण गावातला संग्रामदुर्ग अगदी थोडा उरला आहे, काही बुरूज, काही तट. तरी मुलांना दिवाळीच्या सुट्टीत तो दाखवाच. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर माणसांनिशी शाहिस्तेखानाच्या फौजेला इथं पन्नासहून अधिक दिवस रोखून धरलं. अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या मुलाला भुईकोट म्हणजे काय ते इथं हात लावून कळतं. मरकळच्या रस्त्याने तुळापूर, पुढे वढू बुद्रुक केलंत तर १६८९ सालच्या संभाजी महाराजांच्या बलिदानाच्या जागा पाहून होतात. त्यांच्याबद्दल पुस्तकात वाचलेलं आणि तिथं उभं राहून आठवलेलं, यात फरक पडतो.

परतताना मावळातून जाणार असाल तर तांदूळ घ्या. या नदीच्या नावाचा इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने विकसित केला, आणि दिवाळीनंतर नवं भात निघालेलं असतं. रस्त्याकडेच्या शेतकऱ्याकडून थेट घेतला तर त्याला चार पैसे जास्त मिळतात आणि तुम्हाला भेसळ नसलेला दाणा. नव्या तांदळाला पाणी नेहमीपेक्षा कमी घाला, नाहीतर भाताचा गोळा होतो. आळंदीतून न्यायचं तर तुळशीची माळ, बुक्का आणि हरिपाठाची छोटी पोथी न्या. टाळ घ्यायचा असेल तर दोन-तीन जोड वाजवून, नाद ऐकून घ्या. दुकानदार आनंदाने वाजवू देतात.

शेवटची विनंती यात्रेकरूंना नाही, या पट्ट्यात राहणाऱ्यांना आणि गाडी चालवणाऱ्यांना आहे. कार्तिक वद्य पक्षात जुना मुंबई-पुणे रस्ता, नाशिक रस्ता, नगर रस्ता यांच्या कडेने दिंड्या पहाटे अंधारात चालत असतात. दिंडीत वाहन शिरून वारकरी दगावल्याचे प्रसंग यापूर्वी घडले आहेत. पताका दिसली की वेग कमी करा, प्रखर दिवे खाली करा, हॉर्न वाजवत मागे लागू नका. दिंडीचालकांनीही पुढच्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगावर चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घालावं आणि ट्रकची वर्दळ असलेल्या रस्त्यावर दोघादोघांच्या ओळीत चालावं. मोशी, दिघी, चऱ्होलीच्या गृहसंकुलांनी यात्रेच्या दिवसांत फाटकाशी पिण्याच्या पाण्याचा एक पिंप भरून ठेवावा आणि आवारातलं स्वच्छतागृह पायी येणाऱ्या बायांसाठी उघडं ठेवावं. त्यांची सगळ्यांत मोठी अडचण तीच असते, आणि ती त्या कुणाला सांगत नाहीत.